बेलवांग्यांतल्या शेवया

माझ्या सासरी, बोरी बुद्रुकला, जेवण वाढायला उशीर झाला की मार बसायचा. मला नाही. खायच्या त्या माझ्या जाऊबाई, आणि मारायचे थोरले दीर. माझ्या नवऱ्याचा हात कधी उठला नाही, पण भावाचा उठलेला हात त्यानं कधी धरलाही नाही. तो उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा. आमच्या बैलांइतकं पाणी प्यालेले बैल जुन्नर तालुक्यात दुसरे नसतील.

जाऊबाईंची दोन पोरं दिवस भरण्याआधीच गेली होती. एक लाथेनं, दुसरं मुसळाच्या टोल्यानं. त्या उन्हाळ्यात त्यांना सातवा लागला होता आणि हे पोर जिवंत जन्माला आलंच पाहिजे, असं मी मनाशी धरून बसले होते. सतरा वर्षांची होते. रागीट होते, अजून आहे. पण थोरल्या दिरांसमोर पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. त्यांच्याशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. भांडता येत नव्हतं, म्हणून चुलीशी झटापट सुरू केली. ताट वेळेवर पडलं तर लाथ पडणार नाही, इतकंच मला कळत होतं.

भाकरीला वेळ लागतो. पीठ संपलं असेल तर आधी दळा, मग थापा, मग भाजा. शेवया मात्र आधण आलं की लगेच शिजतात. सासरी त्या गुळवणीबरोबर खायचे. माझ्या माहेरी, जुन्नरला, त्या तिखटही व्हायच्या. वडील एका साहेबाच्या बागेवर कामाला होते आणि साहेबाची मडम इटलीची होती. उन्हाळ्यात तिला विस्तवापाशी उभं राहणं नको वाटे. ती शेवयांसारखंच काहीतरी उकळून घ्यायची, तेलात लसूण परतायची, त्यात बागेतली बेलवांगी चिरून टाकायची, म्हणजे हल्ली ज्यांना टोमॅटो म्हणतात ती. वर सब्जाची पानं, की झालं जेवण. वडील म्हणायचे, मी नुसतं पाहिलं. पण चव इतकी बारकाईनं सांगायचे, की आईनं काय ते ओळखलं होतं. आई तेच करडईच्या तेलात करायची आणि सब्जाऐवजी कोथिंबीर घालायची, कारण आमच्या आळीला सब्जा माहीत होता तो मुसलमान शेजाऱ्यांच्या कबरींवरचा.

बेलवांग्यांचं बी मी हिवाळ्यातच माहेराहून आणून विहिरीजवळ लावलं होतं. अडचण शेवयांची होती. सासरे प्लेगनं गेले त्याला वर्ष झालं नव्हतं, आणि मयत झालेल्या घरात वर्षभर शेवया, कुरडया, पापड करत नाहीत. भावकीतून किंवा माहेरून कुणी धाडल्या तर खायच्या, आपल्या पाटावर वळायच्या नाहीत. माझी आई अंथरुणाला खिळलेली, जाऊबाईंना माहेर उरलं नव्हतं. भावकीला आमची आठवण येईना. मग पुरुष मळ्यात गेले की आम्ही दार लावून घेत असू. मी पाटावर पीठ वळायची, जाऊबाई खाली सूप धरायच्या, आणि प्रत्येक सूप भरलं की मेलेल्या सासऱ्यांची माफी मागायच्या. मला हसू यायचं. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, हे सगळं पाहिलं आणि काही म्हटलं नाही. मला वाटलं, त्या आमच्या बाजूच्या आहेत.

महिनाभर घरात मारहाण झाली नाही. जाऊबाईंच्या गालांवर जरा तेज आलं.

मग एका भर दुपारी थोरले दीर घोडेगावहून दोन पाहुणे घेऊन आले आणि लगेच पानं घ्या म्हणाले. घरात चिमूटभर पीठ नव्हतं. जाऊबाई पिठाचं रिकामं मडकं पुन्हा पुन्हा चाचपायला लागल्या. मी त्यांना लसूण सोलायला बसवलं आणि चुलीत लाकडं सारली. पाहुणे हातपाय धुवून बसेपर्यंत शेवया रोवळीत निथळत होत्या आणि बेलवांग्यांना रस सुटला होता. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. त्यातला म्हातारा खुश होऊन म्हणाला, शेवया लई बारीक हायेत, कुणाकडनं आल्या? कौतुकच होतं ते. मी आणखी शेवया टाकायला पुन्हा आधण ठेवलं होतं.

थोरले दीर आत आले आणि त्यांनी आत्याबाईंना तेच विचारलं. भावकीतून आल्या, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. एरवी त्या खोटं बोलायला मागंपुढं पाहत नसत.

"घरातच वळल्यात," त्या म्हणाल्या.

थोरल्या दिरांनी जाऊबाईंचे केस मुठीत धरून त्यांना चुलीपाशी पाडलं. बाप मेलाय आणि तुला सण सुचतोय, म्हणत पाय उचलला. पाय पोटाच्या रोखानं होता. त्यांची माझ्याकडं पाठ होती. मी पदरानं आधणाचं तपेलं उचललं आणि त्यांच्या मांड्यांवर ओतलं. सांडलं नाही, ओतलं. ते ओरडले आणि मला आनंद झाला. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तपेलं माझ्या हातातून सुटून घरंगळत गेलं. दीर खाली कोसळले आणि त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा तपेलं जाऊबाईंच्या शेजारी पडलं होतं.

"माज्या हातनं झालं," जाऊबाई म्हणाल्या.

मी पुढं झाले, तर त्यांनी माझा घोटा गच्च आवळला. नंतर मला म्हणाल्या, तुला हाकलून दिलं तर माझ्या पोराकडं बघणार कोण? आत्याबाईंनी सगळं पाहिलं होतं. या वेळी मात्र त्या खरं बोलल्या नाहीत.

दीर अडीच महिने बाजेवर पडून होते. कातडी सोलून निघाली. जाऊबाई रोज चुन्याची निवळी आणि खोबरेल लावायच्या. तेवढ्यात त्या बाळंत झाल्या. मुलगी झाली, धडधाकट, सारी आळी जागी करील असा आवाज. मला वाटलं, आपण जिंकलो.

बाळ तीन आठवड्यांचं होतं, तेव्हा दीर काठी टेकत उभे राहिले आणि आधी चुलीपाशी आले.

"ज्या हातानं वतलंस, त्यो हात दे," जाऊबाईंना म्हणाले.

मी दारात बाळाला घेऊन उभी होते. जाऊबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग बाळाकडं, आणि उजवा हात पुढं केला. दिरांनी तो निखाऱ्यांत दाबून धरला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी बाळाचे कान झाकले. मी ओतलं, एवढंच म्हणायचं होतं. थोरल्या दिरांशी बोलायची रीत नाही म्हणून गप्प राहिले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मी घाबरले होते.

त्या हाताची बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. पुढं दीर गेले, जाऊबाईही गेल्या. त्यांची मुलगी आता नातवंडांची आजी आहे. घरात कुणाची पोर सासरहून रडत आली, की ती आपल्या आईची गोष्ट सांगते. माझ्या आईनं माझ्यासाठी बापावर उकळतं पाणी ओतलं होतं, असं मोठ्या अभिमानानं सांगते. मी तिथंच बसलेली असते आणि मान डोलावते.