चाळभर एकच ईमेल

आमच्या चाळीत कुणाला कुठे नाव नोंदवायचं असलं आणि मोबाइलने ईमेल मागितला, की सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, ‘भाभीचा टाक ना.’ भाभी म्हणजे मी. माझा ईमेल इथे शेंबड्या पोरालाही पाठ होता. पासवर्डसुद्धा, कारण कुणाला काही कागद काढून हवा असला की मी नेमकी मशीनवर बसलेली असते, आणि अर्धा शिवलेला ब्लाउज टाकून कोण उठणार? म्हणून तीन-चार जणांच्या फोनवर माझा ईमेल कायमचा उघडाच असायचा.

हे सगळं ह्यांचं कर्तृत्व. हे धाग्याच्या कंपनीत ऑपरेटर. धुळ्या-नंदुरबारकडून नवा माणूस सिल्वासात कामाला आला की आधी आमच्याकडे चहा पितो आणि मग ह्यांच्यासोबत कंपनीच्या ऑफिसात जातो. एकदा तिथे एकाला ईमेल विचारला, त्याच्याकडे नव्हता, तर ह्यांनी माझा देऊन टाकला. मी घरी कडाकडा भांडले. तर म्हणे, “अगं, ईमेल म्हणजे काय, नळ आहे. एकाने बसवला की सगळ्यांनी भरायचं.” घ्या! अशा माणसाशी काय बोलणार? राग येतो, हसू येतं, आणि खरं सांगायचं तर असे आहेत म्हणूनच मला आवडतात.

पण माझ्याकडे काय भरलं, तर कचरा. माझी वेणी कमरेपर्यंत, तरी मला टकलावर केस उगवायचं तेल. कॅनडाचा व्हिसा. जुन्या गाड्या. कर्ज तर इतक्या प्रेमाने द्यायला येतात की माहेरच्यांनीही कधी एवढा आग्रह केला नाही. कपड्यांच्या प्रदर्शनात लकी ड्रॉचं कुपन दिसलं की ह्यांचा हात शिवशिवतो, आणि चाळीतले बाकीचे त्यांच्याहून पुढे. मी घसा कोरडा करून सांगायचे, “अरे बाबांनो, खाली एक बारीक चौकट असते, ‘आम्हाला ऑफर पाठवा’ म्हणून. तिच्यावरची खूण काढत जा.” सगळे ‘हो भाभी’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मला ट्रॅक्टरच्या ऑफर यायच्या.

आमच्या समोरच्या खोलीत मावशी राहायची. नात्याची नाही, शिरपूरकडची, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू तिनेच वळले. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला, बायकोपोरांत. मावशी प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला जायची आणि आली की आधी माझ्या उंबऱ्यात टेकायची. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते मला सांगितल्याशिवाय तिला घास गिळायचा नाही.

एका दुपारी लग्न जुळवणाऱ्या कुठल्याशा साइटची मेल आली. असल्या मेल रोजच्याच, म्हणून पुसून टाकणार होते, तर आत मावशीचं नाव. पूर्ण, आडनावासकट. ‘आपल्या माहितीला पसंती आली आहे.’ खाली खानवेलचा एक विधुर, टेम्पो चालवणारा. मी मशीन थांबवलं आणि ती मेल आधी पुसली.

मावशी कामावरून आल्या आल्या मी तिला आत ओढलं आणि दार लावलं. “मावशे, हे लग्नाचं काय वं?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “तुले कसं कळलं?”

“माझ्या ईमेलवर आलंय, कळणार नाही तर काय!”

“अवं माय!” तिने कपाळावर हात मारला. “जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीने फोनवर भरून दिलं. तिने ईमेल विचारला, मी नेहमीसारखा तुझाच सांगून टाकला. मले वाटलं, तो नुसता लिहायला लागतो. त्याच्यावर काही येतं, हे माझ्या ध्यानातच नाही आलं.”

मग तिने माझा हात घट्ट धरला. “पोरी, अजून माझंच काही ठरलं नाही. ठरलं तर पोराला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे, सगळ्यांच्या आधी. चाळीतली निम्मी पोरं त्याची दोस्त. कुणी फोन करून सांगितलं ना, ‘तुझी आई लग्नाला उभी राहिली,’ तर तो पुन्हा माझ्या दारात पाय ठेवणार नाही.” मावशीला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे मेथी निवडत बसली होती, आणि हे फोन चाळत आत आले. “अगं, तुझ्या ईमेलवर पुन्हा लग्नाची मेल आलीय. कोणासाठी पाहतेस?” मावशीचा हात जुडीवर थांबला. मी लगेच म्हटलं, “तुमच्यासाठी. दुसरी आणते, म्हणजे माझा पिच्छा सुटेल.” हे खोकला येईपर्यंत हसले आणि मेल न उघडताच पुसून टाकली. एवढा कचरा रोज येत होता म्हणून वाचलो, नाहीतर त्या दिवशी आमचं दोघींचं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी मावशीच्या फोनवर तिचा स्वतःचा ईमेल काढायला घेतला. त्या साइटवर माझा पुसून तिचा घातला, तिचा मोबाइल नंबर परक्यांना दिसू नये असं केलं, ऑफरच्या चौकटीतल्या खुणा काढल्या. पासवर्डची वेळ आली तसा फोन तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“तूच घाल वं, मी विसरेन.”

“विसरलीस तर नवीन करू. पण मला सांगायचा नाही. कुणालाच नाही.”

“आता तुझ्यापासून काय लपवू?” ती हसली.

मला भयंकर राग आला. “मावशे, आजवर तुझं असं काय होतं, जे या चाळीने पाहिलं नाही? एवढं एक तरी ठेव स्वतःजवळ!” तिने फोन जवळ ओढला. मग एका बोटाने एकेक अक्षर दाबत बराच वेळ बसली. मी तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं.

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. मिठाचंसुद्धा सांगणारी बाई, या विषयावर चकार शब्द काढेना! रविवारी खानवेलची बस यायच्या सुमाराला ती बाजारात निघायची. आली की मी विचारायचे, “काय आणलं?” तर म्हणायची, “कोथिंबीर.” कोथिंबीर आणायला कुणी इस्त्रीची साडी नेसतं का? मी मनातल्या मनात जळायचे. माझ्या ईमेलचा पासवर्ड मी बदलला, चाळीतल्या एकेकाला बसवून ज्याचा त्याला ईमेल काढून दिला, सगळ्यांनी तोंडं फुगवली, पण माझं लक्ष आपलं समोरच्या खोलीकडे. मी एवढं केलं आणि मलाच बाहेर ठेवलं, असं वाटून एकदा रात्री ताटावरून उठलेसुद्धा.

मग उन्हाळ्यात आम्ही बायका अंगणात पापड वाळत घालत होतो. मावशी ताठ उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बायांनो, माझं लग्न ठरलंय. रविवारी पोरगा येतोय सुरतेहून.”

मग जो गलका झाला! त्यातच कुणीतरी विचारलं, “पोरगा काय म्हणाला?”

“आधी फोन कापला,” मावशी म्हणाली. “थोड्या वेळाने परत केला. म्हणे, आई, हे आणखी कुणाकुणाला सांगितलंस? समोरच्या भाभीला तर माहीत असेलच. मी म्हटलं, नाही रे. लग्न ठरल्याचं तिलाही नाही सांगितलं. पहिलं तुलाच सांगतेय. मग रडला. म्हणे, मी येतो.”

हे बोलताना ती माझ्याकडेच बघत होती. इतके दिवस मनात धरलेला सगळा राग माझ्या डोळ्यांतून वाहायला लागला. मी मधले पापड ओलांडून तिच्या गळ्यात पडले आणि सगळ्यांदेखत हमसाहमशी रडले.

“अवं, पाय बघ,” माझी पाठ थोपटत ती म्हणाली, “सगळे पापड तुडवले की!”