उलट्या बाजूने चाललेला टेम्पो

पनवेलला असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. संध्याकाळी हायवेवर एक पांढरा टेम्पो उलट्या बाजूने आला आणि सायकलवाल्याला उडवून पळाला. सायकलवाला दवाखान्यात बेशुद्ध. सकाळी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, आपटा गावाकडचा एक पोरगा रोज उलट्या बाजूने टेम्पो चालवतो. गाडी पांढरीच."

पोराला पोलीस ठाण्यात आणलं. गल्फमध्ये ड्रायव्हरची नोकरी ठरलेली, व्हिसाचं काम चालू. गुन्हा दाखल झाला असता तर सगळंच मुसळ केरात.

हवालदाराने विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"सडकेवर, साहेब."

"उलट्या बाजूने चालवत होतास?"

"हो, चालवत होतो. पण खुदा कसम, कुणाला धक्का नाय लागला."

हवालदार खूश. "साहेब, कबुली दिली! अटक दाखवू?"

मी म्हटलं, दम धरा जरा. पळून गेलेला ड्रायव्हर आधी गाडीच नाकारतो, मग जागा, मग वेळ. हा गडी तर बिनधास्त हो म्हणत होता. ही काय भानगड? मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"सडकेवर गर्दी होती का रे?"

"गर्दी कसली साहेब? गुरं बसलेली असतात."

हायवेवर गुरं? आता मला राहवेना. "कुठली सडक रे बाबा?"

"आपली जुनी. हायवे वेगळा, सडक वेगळी."

त्याला जीपमध्ये घालून तिकडेच गेलो. दोन्ही बाजूंनी झाडी आत शिरलेली, डांबर उखडलेलं. एकेकाळी हा राज्य महामार्ग. एसटी इथूनच जायची, वळणावर चहाची हॉटेलं होती. पुढे नवा हायवे झाला, सरकारने याला यादीतून काढून टाकलं आणि वाहनं गेली ती गेलीच. गावाने 'सडक' हे नाव मात्र याचंच ठेवलं. आता तिथे वाल वाळत घातले होते.

आम्ही उतरतो न उतरतो तोच एक म्हातारी तरातरा आली. "बरं झालं धरलात याला! काल सांजच्याला माजे वाल तुडवले यानं. दिवेलागणीपर्यंत भांडत होतो आमी. इचारा कुनालाबी!"

विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अपघात नेमका त्याच वेळचा. पोरगा सुटला!

"अरे, पण उलट्या बाजूने कशाला?"

तो लाजला. "गल्फमध्ये गाड्या उजवीकडून चालतात साहेब. रिकाम्या सडकेवर सवय करत होतो."

मी कपाळावर हात मारला. हवालदार तर जीपमागे जाऊन हसत होता.

खरा टेम्पो पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत सापडला, ड्रायव्हरसकट. सायकलवालाही बरा झाला. पुढे पोराच्या पोलीस पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला, तेव्हा 'गुन्हा दाखल नाही' असं लिहून सही केली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पोलिसाला 'हो' हा शब्द भारी आवडतो. तो ऐकला की आमची चौकशी संपते. त्यानंतर माझ्या हाताखालच्या माणसांना मी एकच सांगायचो: समोरचा 'हो' म्हणाला ना? मग आधी विचारा, नेमकं कशाला 'हो'?