बाकड्यावरचे खराडेअण्णा

पोलीस ठाण्यात नागरिक समितीची बैठक असली की खराडेअण्णा तासभर आधीच येत आणि आत न जाता बाहेरच्या लाकडी बाकड्यावर बसत. तक्रार घेऊन आलेली माणसं बसतात ते बाकडं. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर मोबाईल हरवलेल्या माणसाची कळा. कोण "बसा" म्हणतं आणि कोण "काय काम आहे?" म्हणून खेकसतं, हे ते बघत. मग बैठकीत साहेबांना सांगत, "आज माझा मोबाईल चोरीला गेला हुता. तुमच्या ठाण्यात मला कुणी पाणीसुदिक विचारलं नाही."

पोलिसांबद्दलच्या तक्रारी साहेबांच्या कानावर घालणं हे समितीचं खरं काम. प्रत्यक्षात आम्ही सोसायट्यांचे सेक्रेटरी सोफ्यावर बसून पार्किंगवर बोलायचो, सामोसे खायचो आणि शेवटी एक फोटो काढायचो. त्यात मी पहिल्या नंबरचा. खाकी कपडे दिसले की मला उगाचच काहीतरी केल्यासारखं वाटतं.

अण्णा साताऱ्याकडचे. जन्म बस आगारात नियंत्रक म्हणून गेला आणि निवृत्तीनंतर ते नवी मुंबईत मुलाकडे राहायला आले. "समितीत माझ्याएवढा लायक मानूस न्हाई," असं ते छाती काढून सांगत. "माझ्यावर जेवढ्या तक्रारी झाल्या तेवढ्या कुणावर झाल्या नसतील. गाडी लेट, माझी चूक. पाऊस पडला, माझी चूक." तक्रारीबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं: "तक्रार म्हंजे घरी आलेला पाव्हना. आधी बसाय द्या, पाणी द्या. का आला ते मागनं विचारा."

हळूहळू ठाण्यात अण्णांचा चेहरा ओळखीचा झाला. ते दिसले की शिपाई धावत पाणी आणू लागले. "आता माझा उपेग न्हाई," अण्णा खिन्नपणे म्हणाले. "तुम्ही बसा. तुमचं तोंड कुणाच्या ध्यानात राहत नाही." हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं.

मी बसलो. शेजारी सुनंदाबाई होत्या. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासळी आणून त्या आमच्या रेल्वे स्टेशनबाहेर विकायच्या. फुटपाथ रिकामा करताना मोरे नावाच्या हवालदाराने त्यांची मासळीची पाटी लाथेने उडवली होती. तक्रार द्यायला त्या पाटी घेऊनच सकाळपासून तिष्ठत होत्या आणि समोरच्या टेबलावर नेमके मोरेच बसले होते.

"माना पैसं नको," त्या मला म्हणाल्या. "सगल्या बायांसमोर यानं माजी पाटी उरवली. सगल्यांसमोरच येऊन चुकला म्हनून बोलाचा, इतकाच."

मी काही बोलणार तेवढ्यात मोरेंनी मान वर केली. "अरे, तुम्ही समितीवाले ना? इकडे कशाला घामात बसलात? आत एसी आहे."

आणि मी आत गेलो. एसीत बसलो. बाहेर सुनंदाबाई बसलेल्याच होत्या. तरी सामोसा संपवला, हेही सांगितलं पाहिजे.

वेळ झाली तरी अण्णा आत आले नाहीत. काचेतून पाहिलं तर ते सुनंदाबाईंशेजारी बसून बोंबील कसे ओळखायचे ते विचारत होते. साहेबांनी शिपाई पाठवला. अण्णा हलले नाहीत. शेवटी साहेब स्वतः बाहेर गेले, मागोमाग आम्ही.

"अण्णा, चला की. फोटो राहिलाय."

"हितंच काढा. उजेड बरा हाय," अण्णा म्हणाले. "बाईंची तक्रार घ्यायची ऱ्हायलीय, तेवढी घ्या. बसा, जागा करतो."

ते सरकले. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते खरंच त्या दोघांमध्ये बसले, गुडघे जुळवून, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. तक्रार तिथेच लिहून घेतली गेली. त्या बैठकीच्या फोटोत साहेबांच्या मांडीला मासळीची पाटी टेकलेली आहे.

मोरे भिंतीसारखे उभे होते. अण्णांनी त्यांना जवळ बोलावलं. "घाबरू नगा. तक्रारीनं मानूस मरत न्हाई. मरत आसता तर मी तीस वर्सांमागंच गेलो असतो."

चौकशी झाली आणि मोरे एका सकाळी स्टेशनबाहेर येऊन सगळ्या कोळणींसमोर "माझं चुकलं" म्हणाले. सुनंदाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोंबील देऊ? फुकट नाय हा." मोरेंनी घेतले.

नंतर अण्णा आजारी पडले आणि बाकडं सुटलं. गेल्या महिन्यात ते गेले. दहाव्यानंतर त्यांच्या घरी बसलो होतो, तर दारात साध्या कपड्यांत मोरे. त्यांना पाहून मी सवयीने दचकलो. "काय काम काढलंत?" हे शब्द जिभेवर आले होते. ते गिळले. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. ते प्यायले. मग हळूच विचारलं.

"तक्रार होती," मोरे म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

त्यांनी अण्णांच्या फोटोकडे पाहिलं. "यायचे बंद झाले, तर कुणी कळवायचं की नाही? मीटिंगच्या दिवशी आम्ही बाकडं पुसून, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचो."

तक्रार माझ्याविरुद्धच होती. कळवायला हवं होतं ते मीच. मी ती पूर्ण ऐकून घेतली.