डाव्या चाकाचा आवाज

मुरबे गावच्या एका मासेवाल्याची गाडी आमच्या गॅरेजात तिसऱ्यांदा परत आली, त्या दुपारी मी यांचा डबा घेऊन गेले होते. पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड, सगळं यांनी पंधरा दिवसांपूर्वी नवीन टाकलं होतं. तरी गाडी वाजत होती. तो रोज पहाटे मासळीच्या पेट्या घेऊन पालघरला जायचा आणि शेजारी त्याची बायको बसायची.

"खड्ड्यात गेली का डावीकडनं टकटक करतं," तो म्हणाला. "आमी दोघंपन ऐकतो."

हे त्याला घेऊन तारापूर रस्त्याने चक्कर मारून आले. उतरून म्हणाले, "मला तर काहीच आवाज आला नाही."

"मंग आमी काय खोटं बोलतो काय? तुला ऐकू येत नाय का?"

त्याने रागात म्हटलं होतं. हे हातातल्या फडक्याला बोटं पुसत राहिले. गाडी ठेवून तो रिक्षाने निघून गेला.

आम्ही साताऱ्याकडून बोईसरला आलो ते यांच्या नोकरीसाठी. सोळा वर्षं हे पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून कुणीच घालत नसे. मग कारखान्याने माणसं कमी केली आणि यांनी गॅरेज टाकलं. घरी टीव्हीचा आवाज वाढत गेला, हाक दोनदा मारावी लागायला लागली. मला वाटायचं, दमतात, लक्ष नसतं. त्यावरून मी भांडलेसुद्धा होते.

डबा तसाच राहिला. हे म्हणाले, "तू बस गाडीत. वाजलं की बोट वर कर."

मी बसले. पहिल्याच खड्ड्यात माझ्या पायांजवळ टक झालं. मी बोट वर केलं. पुढे पुन्हा, पुन्हा. मोठ्या खड्ड्यात नाही, बारीक बारीक खाचांत जास्त. एकदा तर बोट खाली घ्यायला वेळच मिळाला नाही. हे रस्त्याकडे कमी आणि माझ्या बोटाकडे जास्त पाहत होते. एका ट्रकने मागून इतका हॉर्न दिला की मी दचकले. यांनी मान वळवली नाही.

गॅरेजात आल्यावर गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. हे खाली उतरले आणि मला म्हणाले, बाहेरून डाव्या बाजूला दाब आणि सोड. मी दाबत राहिले. आवाज मला येत होता. हे खाली एकेका भागावर तळहात ठेवून पाहत होते. शॉकअप झाला, आर्म झाला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे बघ, इथे. हाताला लागतंय."

लिंक रॉडचा नट होता. पान्याला अर्धा फेरा फिरला.

ते खड्ड्यातून वर आले नाहीत. तिथेच उभं राहून बोलले. हवेच्या गनने नट आवळताना आवाज बदलतो, नट बसला की गन जड वाजते. इतकी वर्षं ते त्या आवाजावर गन सोडत होते. "हल्ली अंदाजानेच सोडतोय," ते म्हणाले. "आवाज बदललेला कळतच नाही."

"कधीपासून?"

"ते आठवत नाहीये. म्हणून तर भीती वाटतेय."

त्यानंतरचे चार दिवस मी फोन करत होते, कारण फोनवर यांना नीट कळत नव्हतं. गेल्या काही महिन्यांत ज्यांच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांचं काम केलं त्या सगळ्यांना बोलावलं. कारण काय सांगायचं? मी म्हणायचे, एकदा तपासून देतो. बहुतेक आले. यांनी प्रत्येक नट हातपान्याने पुन्हा आवळला. घिवलीच्या एका मास्तरांच्या गाडीत लोअर आर्मचा बोल्ट बोटांनी फिरला. ते मास्तर त्याच गाडीतून आदल्या आठवड्यात नातवंडांना घेऊन नाशिकला जाऊन आले होते. यांनी त्यांना खरं ते सांगितलं. मास्तर रागावले नाहीत. गाडीला टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि मग निघून गेले. मासेवाला गाडी न्यायला आला तेव्हा आवाज गेला होता. "आता बरोबर हाय," एवढंच म्हणाला. पुन्हा कधी आला नाही.

एका गाडीचा पत्ता लागला नाही. नंबर बंद होता. कुठलातरी कामगार, हिंदी बोलणारा, बदली होऊन गेलेला. त्या गाडीचं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. पेपरात अपघाताची बातमी आली की हे गाडीचा फोटो नीट पाहतात.

पालघरच्या डॉक्टरांनी तपासणी केली. यंत्र लावल्यावर बोलणं थोडं कळेल, पण गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. यांनी गॅरेज बंद केलं. मी म्हणाले, हातपान्याने करा, मी ऐकत जाईन. ते म्हणाले, "चाकाचं काम आहे. तुझ्या बोटावर नाही करायचं." आता ते एका गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितात. यंत्र कानात घालतात, पण गोंगाटात डोकं दुखतं म्हणून काढून ठेवतात.

मागच्या पावसाळ्यात सकाळी माझ्या भावाचा फोन आला. हे ओट्याशी उभे राहून कुकरचं हँडल घट्ट करत होते. मी दारातून म्हणाले, "आई गेली."

"आई येतायत?" ते मागे न बघता म्हणाले. "कधी? स्टेशनवर घ्यायला जातो."

मी जवळ गेले. त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला आणि समोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत, पुन्हा सांगितलं.