नवरीच्या गाण्यातली सासू

परंड्यात आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच, पण लग्नात आवाज असा लावतो की किल्ल्यावरची कबुतरं उडावीत. आमच्यात एक रीत आहे. गाणं सुरू करण्याआधी बायकांतली एक जाणती त्याचा खुलासा सांगते: हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठलं, कोण कुणाला म्हणालं. सासूबाई गेल्यापासून ती जाणती म्हणजे मी. जाणती! लिहितानासुद्धा हसू येतं.

लग्नात आमचं एक गाणं ठरलेलं. तुम्ही जाल तिथं मी येईन, तुमची माणसं ती माझी माणसं, तुमचा देव तो माझा देव, असा त्याचा अर्थ. माझ्या लग्नात ते लागलं तेव्हा मी, तोंडाला पावडर थापलेली, असे डोळे करून नवऱ्याकडं बघत राहिले की ते बिचारे घाबरले. "चक्कर येतीय का?" त्यांनी हळूच विचारलं. पुढं खुलासा सांगायला लागल्यावर तर माझ्या बोलण्याला सुमारच राहिला नाही. "बायांनो, शास्त्रातली पतिव्रता नवऱ्याला म्हणते," अशी सुरुवात. मग ती त्याच्यामागं वाळवंट तुडवते, तिचे पाय भाजतात. हे कुठं लिहिलंय, कुणी विचारलं नाही. पुस्तकात गाण्याच्या डोक्यावर अध्यायाचा आकडा छापलेला असतो, तो अध्याय उघडून बघायचं मला कधी सुचलं नाही. सगळं येत असणाऱ्याला कशाला सुचेल?

यंदा गल्लीतल्या एका पोरीचं लग्न ठरलं. सराव आमच्या ओसरीवर, पेटीवर माझी सून. माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. लेक तिच्या पोरांना घेऊन लांब राहते, घरात आम्ही दोघीच. त्याच आठवड्यात येडशीच्या एका मास्तरांकडून सुनेसाठी विचारणा आली होती. बायको वारलेली, माणूस सरळ. निरोप आणणाऱ्या बाईला मी चहा पाजला, ज्वारीच्या काढणीवर बोलत बसले आणि वाटेला लावलं. सून आतच होती. तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. ती गेली तर ह्या घरात मी कुणाशी भांडू, एवढंच मला दिसत होतं.

सरावाला नवरी म्हणाली, "आजी, चर्चचे पाळक म्हनले, गाण्याचा अध्याय लग्नात तूच वाच. आत्ता वाचून बघू का?"

"वाच की."

तिनं मोबाइलवर अध्याय काढला आणि वाचायला लागली. दुष्काळ पडला, एक घर परमुलखात गेलं. तिथं घरधनी मेला, दोन्ही मुलगे मेले. राहिली सासू आणि दोन सुना.

"अगं, चुकीचं उघडलंस. लग्नाचं काढ."

"हेच हाय, आजी."

सासू सुनांना म्हणाली, पोरींनो, माहेरी जा, दुसरं घर करा. एक रडत रडत गेली. दुसरी सासूला बिलगली आणि म्हणाली, तुम्ही जाल तिथं मी येईन.

आमचं गाणं. सासूला. मेलेल्या नवऱ्याच्या आईला.

सुनेचं बोट पट्टीवरून उठलंच नाही. पेटीतली हवा सरेपर्यंत एकच सूर वाजत राहिला.

"विधवेचे बोल?" मी तिच्या मोबाइलात डोकावले. "आन् आपण ह्याच्यावर इतक्या नवऱ्या नांदायला धाडल्या?"

"आन् ते वाळवंट, आजी? पाय भाजले ते?"

"गप. पुढं वाच."

पुढं तर कहरच. ती सून परक्याच्या शेतात सरवा, कापणीत गळून पडलेली कणसं, वेचते. तो शेतकरी भला निघतो, आणि सासूच तिला म्हणते, आंघोळ कर, तेल लाव, चांगलं नेस, आणि खळ्यावर त्याच्याकडं जा.

"सासू म्हणती?"

"सासूच."

मी पदर तोंडाला लावला. शास्त्रात! आणि इथं मी साधा निरोप चहाच्या कपाबरोबर विसळून टाकला होता.

"आत्या," सून म्हणाली. मला ती आत्याच म्हणते. "मला म्हाईत होतं. अध्याय वाचलाय म्या."

"मग माझं ते पतिव्रतेचं पुराण?"

"तुमी लई रंगून सांगत होता." ती पट्ट्यांकडं बघत राहिली. "हे गेल्यापासून मी ते गाणं तुमच्यासाठीच वाजवते."

शास्त्रातल्या सासूनं आधी 'जा' म्हटलं, तेव्हा तिला ते बोल ऐकायला मिळाले. मी 'जा' न म्हणताच इतके दिवस ऐकत होते.

"येडशीच्या मास्तरांना रविवारी जेवायला बोलावते."

"आत्या!"

"ओरडू नको. आंघोळ कर, तेल लाव, चांगलं नेस. शास्त्रात हाय."

"खळं कुठंय आता?" तिनं पदरानं डोळे टिपले, तरी ओठ हसत होते.

"ओसरी हाय की."

"आन् तुमी?"

मी नवरीला म्हटलं, "बघ गं, शेवटी त्या सासूचं काय झालं?"

तिनं बोटानं खाली सरकवलं. "सुनेला मुलगा झाला. सासूनं त्याला उराशी धरलं आन् तिनंच त्याला सांभाळलं."

सून पुन्हा "आत्या!" म्हणून ओरडली आणि भाता इतक्या जोरात ओढला की पेटी किंचाळली.