भूल देणाऱ्या आक्का

आक्का कुणालाही झोपवण्याआधी भांडायच्या. त्या भूलतज्ज्ञ होत्या. कोल्हापुरातल्या तीन-चार दवाखान्यांत स्कूटरवरून फिरून ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या. डॉक्टरांशी, नातेवाइकांशी, वेळ पडली तर पेशंटशीसुद्धा एकदा कडकडीत भांडण झालं की मग त्यांचा हात हलका चालतो, असं नर्सेस सांगत. दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं नाव होतं आणि त्यामागे पदव्यांची माळ होती, पण ते नाव कुणी घेत नसे. वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या त्या आक्का. इंग्रजी त्यांना उत्तम यायचं. ते त्यांनी सर्जनना रागवण्यासाठी राखून ठेवलं होतं. उरलेल्या जगाला पेठेतली मराठी पुरत होती.

भूल देण्याआधी त्या सगळ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढत, दार लावत आणि कॉटवरच्या बाईला विचारत, "सांग बघू, काय करणार हायत तुझं?"

बाई म्हणे, "ते डॉक्टरांना माहीत."

"मग डॉक्टरांना झोपवू का?"

"सही केलीया की मी."

"सही कागदावर केलीस. मला तोंडानं सांग."

बाईनं आपल्या शब्दांत, चुकतमाकत का होईना, सांगेपर्यंत सुई भरली जात नसे. बाहेर सर्जन घड्याळ बघत उभे. एकदा एकानं दार ढकलून "आक्का, उशीर होतोय" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "गडबड असंल तर तुमी झोपा. तुम्हाला न विचारता देते."

माझी आणि आक्कांची गाठ पडली ती माझ्या थोरल्या जावेमुळे. मी तिला ताई म्हणते. आमचं घर शहराला लागून, थोडी शेती आणि दारात म्हशी असलेलं. मी शाळेत इतिहास शिकवते आणि ताई घर चालवते. माझ्या बाळंतपणात माझ्या लेकीला पहिली आंघोळ तिनं घातली, रात्रपाळ्या तिनं केल्या, माझ्या अंगाला तेल तिनं लावलं. तिला स्वतःला मात्र मूल झालं नाही. बरेच उपचार झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तिची स्त्रीबीजं उपयोगाची नाहीत, दुसऱ्या कुणाची घ्यावी लागतील. तेव्हा आत्ताचा कायदा आलेला नव्हता. घरातल्या घरात बहिणीनं नाहीतर जावेनं बीज द्यायचं, असं काही ठिकाणी चालायचं. घरात कुणी मला काही विचारलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे प्रेमानं बघायला लागले. मी म्हटलं, "मी देते." मनापासून म्हटलं, हेही खरं.

तो दवाखाना मोठा देखणा होता. दारात लोणी खाणारा संगमरवरी बाळकृष्ण, भिंतीवर बाळांच्या फोटोंची रांग आणि समोर सोनेरी अक्षरांत 'बीजदान हेच महादान'. मोठे डॉक्टर हात जोडून म्हणाले, "तुम्ही म्हणजे साक्षात देवी आहात." इतिहास शिकवल्यामुळे कुणाला देव केलं की पुढं त्याचं काय होतं याची मला थोडीफार कल्पना होती. पण स्वतःची मिरवणूक निघाली की माणूस शिकलेलं विसरतं. घरी आले तर सासूबाईंनी माझी ओटी भरली आणि मला 'लक्ष्मी' म्हणायला सुरुवात केली. माझं नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही.

पोटात रोज इंजेक्शन सुरू झालं. त्यानं एरवी महिन्याला एक पिकणारं बीज एकदम पुष्कळ पिकवायचं असतं. सोनोग्राफी बघून डॉक्टर खूश. "पीक भरघोस आलंय," म्हणाले. आमच्या सासूबाई उसाच्या रानात आयुष्य काढलेल्या. त्यांनी लगेच विचारलं, "उतारा चांगला पडंल न्हवं?" डॉक्टरांनी मान डोलावली. मग माझी बडदास्त दुप्पट झाली. सकाळी धार काढल्या काढल्या तांब्याभर दूध, दुपारी पांढरा रस्सा, संध्याकाळी खारीक-खोबऱ्याचा लाडू. आमच्या घरात कुठल्याही प्रश्नावर हा उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो चालतो.

माझं पोट फुगायला लागलं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "बघ की, कसं अंगाला लागलंय!" ताई मायेनं आणखी एक वाटी रस्सा वाढायची. दम लागला, तर पोट भरलंय म्हणून. घास जाईना, तर लक्ष्मी लाजतीय म्हणून. मला वाचायची सवय, घरात पुस्तकं. ही औषधं अंगावर उलटू शकतात हे मी वाचलेलंही होतं. पण रश्श्याच्या वासात आणि कौतुकात मलाही वाटायला लागलं की खाणंच अंगी लागतंय. ही चूक कोल्हापूर सोडून दुसरीकडे झाली असती असं मला वाटत नाही.

तिथं भूल द्यायला आक्काच येत, आणि बीज काढण्याच्या दोन दिवस आधी त्या पेशंटला तपासत. इतर ठिकाणी ही तपासणी सहीपुरती असे. मी आणि ताई गेलो तेव्हा त्या खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर मला बसवलं. दुसरीवर नुकतीच बीज काढून आणलेली एक बाई होती. कबनूरची. नवरा यंत्रमागावर कामाला. कुणा अनोळखी जोडप्यासाठी ती बीज द्यायला आली होती आणि दवाखान्यात तिला 'दोन नंबर' म्हणत होते. आक्का तिच्या उशाशी स्टूल घेऊन जयसिंगपुरी भडंग खात बसल्या होत्या.

"आलीस का गं? नाव सांग."

शुद्धीवर येत ती बाई काहीतरी पुटपुटली.

"नीट सांग. मी भैरी हाय."

"शालन."

"हां. आता आलीस. घरी कशी जाणार?"

"एस.टी.नं. दुपारच्या पाळीला डबा द्यायचा हाय मालकांस्नी."

"आज मालक वडा खातील." एवढ्यात मॅनेजर आला आणि कॉट रिकामी हवी म्हणाला. आक्का भडंगाचा घास संपवून म्हणाल्या, "मग मला उचला आणि बाहेर ठेवा. जमतंय का बघा." आक्का चांगल्या भरभक्कम होत्या. मॅनेजर गेला. शालनच्या पोटावर हात ठेवून, दुखतंय का, चक्कर येते का विचारून आक्कांनी तिला संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवायला सांगितलं. ताई हे सगळं बघत होती.

मग आक्का माझ्याकडे वळल्या. ताईला बाहेर पाठवलं, दोन कॉटांमधला पडदा ओढला.

"नाव?"

मी म्हटलं, "सध्या लक्ष्मी."

"गाभाऱ्यात बसायला आलीयास का टेबलावर झोपायला?" मग माझ्या सलवारीकडे बघून म्हणाल्या, "नाडी कुठवर सैल केलीस?"

मी दाखवलं. आठवड्यात नाडीची गाठ टोकाला आली होती. त्यांनी पोट दाबलं, श्वास ऐकला, लघवी कमी होते का विचारलं. होत होती. चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"हे घरात कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना दिसतंय. त्यांना वाटतं, अंगाला लागलंय."

"आणि तुला?"

मी नाडीची गाठ पुन्हा बांधायला लागले. त्या स्टूल ओढून जवळ आल्या. "द्यायचंय का तुला? खरं सांग. बाहेर आवाज जात न्हाय."

"द्यायचंय. पण भीती वाटते."

"दोन्ही खरं असंल तर दोन्ही सांगायचं. तुला न्हाय म्हणायची सोय होती का घरात?"

मी रडायला लागले. देवीला शोभण्यासारखं ते नव्हतं.

बीज पिकवायचं शेवटचं इंजेक्शन त्या संध्याकाळी द्यायचं होतं. ते दिलं असतं तर सुजलेले अंडाशय आणखी सुजून पोटात आणि छातीत पाणी भरण्याचा धोका होता. रक्ताची गुठळी झाली तर बाई जातेसुद्धा. हे आक्कांनी मला सरळ सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पुढचं इंग्रजीत झालं. त्यात एवढंच मराठी वाक्य ऐकू आलं, "ही बाई म्हणजे काय उसाचा फड हाय व्हय, पीक आलं म्हणून तोडणी लावायला?" डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि शेवटी इंजेक्शन रद्द केलं.

ताईला आत बोलावून आक्कांनी सांगितलं. ताई आधी खाली बसली. मग उसळून म्हणाली, "आक्का, तुमाला दोन लेकरं हायत. तुमाला थांबवायला काय जातंय?"

एवढ्या भांडकुदळ बाईनं त्यावर भांडण केलं नाही. "व्हय," म्हणाल्या. "माझं काय जात न्हाय, तुझं जातंय. पण हिच्या पोटावर उभं राहून तुझं लेकरू आणायला मी भूल देणार न्हाय."

घरी मी अंथरुणाला खिळले. सूज उतरायला बरेच दिवस गेले. रस्सा बंद झाला आणि लक्ष्मी म्हणणंही बंद झालं. ताई कामापुरतं बोलायची. सासूबाईंना वाटे, भूलवाल्या बाईनं घर मोडलं. आणि एके दिवशी ती भूलवाली बाईच स्कूटरवरून दारात. हातात भडंगाची पिशवी. माझ्याकडे एक नजर टाकून, पाय तपासून त्या थेट गोठ्यात गेल्या. ताई धार काढत होती. आक्का गव्हाणीच्या कडेला टेकल्या. काय बोलल्या मला कधी कळलं नाही. खिडकीतून एवढंच दिसत होतं की ताई मान वर करत नाही, आक्का हलत नाहीत, आणि म्हैस दोघींकडे आळीपाळीनं बघतीय. जाताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, "सुनेला देवी म्हटलं की तिचं पोट दुखतंय का हे कुणी विचारत न्हाय. बाईच म्हणा तिला."

त्या संध्याकाळी ताई माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "पोट दुखतंय का गं अजून?"

तेवढ्या दिवसांत घरातल्या कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, "दुखतंय." ती येऊन बसली. माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "त्या कबनूरच्या बाईचं काय झालं असंल?" ताईनं पुढं कुणाचंच बीज घेतलं नाही. डॉक्टरांनी नाव-पत्ता न कळणारी दुसरी बाई मिळवून देतो म्हटलं, तर तिनं विचारलं, "ती कशी जाईल घरी?" तिला मूल झालं नाही. हे गोड करून सांगण्यासारखं नाही, आणि माझी लेक तिला मोठी आई म्हणते म्हणून ती उणीव भरली असंही नाही. पण आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर राहिलो, आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघून राहिलो. तसं झालं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

आक्का कधीमधी येत राहिल्या. पुढं बीजदानाचा कायदा आला तेव्हा मी त्यांना विचारलं, आता बरं होईल ना? "बरा हाय कायदा," त्या म्हणाल्या. "पण कायदा दार लावून बाईजवळ बसत न्हाय. ते कुणीतरी माणसानंच करायला पाहिजे." निवृत्तीच्या वेळी डॉक्टर मंडळींनी त्यांचा सत्कार केला. फेटा, शाल, नारळ आणि भाषणांवर भाषणं. चौथ्या भाषणात आक्का व्यासपीठावर सरळ झोपल्या. माइकवरच्या डॉक्टरांनी त्यांना 'जीवनदात्री' म्हटलं तेव्हा त्यांचा फेटा डोळ्यांवर आला होता. आम्ही दोघी शेवटच्या रांगेत पदर तोंडात धरून बसलो होतो. नंतर त्या बेळगावला लेकीकडे गेल्या, आणि गेल्या वर्षी तिकडेच वारल्या. आम्हाला उशिरा कळलं. ताईनं त्या दिवशी धार काढायला वेळ लावला.

यंदा माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल द्यायला एक तरुण डॉक्टर आला, घाईत, सुई भरूनच. मी म्हटलं, "थांबा. माझं काय करणार आहेत ते आधी मी सांगते. चुकलं तर दुरुस्त करा." तो गोंधळला, पण थांबला. मी सगळं सांगितलं. त्यानं एक चूक दुरुस्त केली. मग तो स्टूलवर बसला आणि त्यानं मला, आजवर काय काय त्रास झाला होता, ते नीट विचारलं.

शुद्धीवर येताना आधी काही दिसत नव्हतं. कुणीतरी उशाशी बसलंय एवढं कळत होतं. भडंगाचा वास येत होता. क्षणभर मला वाटलं, आक्काच.

"आलीस का गं? नाव सांग."

आवाज ताईचा होता. मला ओठ हलवता येईनात. तिनं कान जवळ आणला.

"नीट सांग. मी भैरी हाय."

"सुनंदा," मी म्हटलं.

"हां," ताई म्हणाली, आणि मग तिनं हातातल्या उघड्या पिशवीतून शांतपणे भडंग खायला सुरुवात केली.