फाईल जमा

बिभीषण गर्जे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. गाव पाथर्डी तालुक्यातलं, दिवाळी झाली की निम्मं ऊसतोडीला जातं. वाचकही जातात. फडावर नेलेलं पुस्तक परत येतं तेव्हा त्याचं पाचट झालेलं असतं, म्हणून बिभीषणभाऊ मोबाईलवर पानांचे फोटो काढून फाईल द्यायला लागले.

दुसऱ्याने ती ग्रुपवर टाकून दिली असती. यांनी रजिस्टर घातलं. फाईल कोणाकडे, तारीख, सही. ती बाहेर असेपर्यंत कागदी पुस्तक कुलपात. मागायला कोणी आलं तर "बाहेर गेलंय" म्हणायचे, आणि पुस्तक काचेतून समोर दिसत असायचं. तोडीहून आलं की वाचकाने त्यांच्यादेखत फाईल डिलीट करायची. मग शिक्का: जमा.

"बिभीषणभाऊ, अख्खं जग फुकट वाटतंय, तुम्ही डिलीट कसलं करून घेता?" मी चिडवायचो.

"पुस्तक एक हाय, तर वाचनारा एकच. दोन झाले की चोरी."

यंदा शरीरशास्त्राच्या पुस्तकाची फाईल आरतीकडे होती. तिचा नर्सिंगचा एकच पेपर राहिलेला आणि ती आई-बापाबरोबर कोल्हापूरकडे फडात. ते पुस्तक कुठे विकत मिळत नाही. छापणारे दुकान बंद करून गेले. लेखक वारून बारा वर्षं झाली, म्हणजे कायद्याने हक्क आणखी अठ्ठेचाळीस वर्षं वारसाचा. तोवर आरती सत्तरीची होईल. वाचनालयाने जतनासाठी संगणकात प्रत ठेवावी, एवढं कायदा म्हणतो. मोबाईलवर वाचायला द्यावी, असं म्हणत नाही. हे मी स्वतः वाचलंय, कोणा वकिलाला विचारून नाही.

बिभीषणभाऊंनी काय करावं? लेखकाच्या मुलाला पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तराऐवजी वकिलाची नोटीस आली: फाईल देणं बंद करा.

वाचनालयाच्या समितीत मीही आहे. बैठकीत मी तावातावाने रजिस्टर टेबलावर आपटलं. "हा घ्या पुरावा! एका वेळी एकच प्रत."

अध्यक्ष सहादेवअण्णांनी पानं उलटली. "म्हंजी एवढ्या येळा दिलंय? आन् तेबी लेखी?"

अण्णांनी कागदी पुस्तकाच्या कपाटाला सील लावलं. फाईल संध्याकाळपर्यंत परत घ्या म्हणाले.

निरोप मिळताच आरतीने बापाच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल केला. पेपरला एकोणीस दिवस होते.

"काका, निम्मं बी झालं न्हाई. पेपरापातुर द्या की."

"न्हाई जमत, आरते."

"मंग कागदी पाठवा एस्टीनं."

"त्याला सील हाय."

आरतीने स्वतःचा मोबाईल कॅमेऱ्यापुढे धरला आणि फाईल पुसली. "बघा, आयुष्यात पहिल्यांदा येळेत जमा केलं मी."

बिभीषणभाऊ हसले नाहीत. शिक्का मारला, तारीख घातली, रजिस्टर अण्णांकडे दिलं.

बाजारात न मिळणारं पुस्तक वाचनालयाला असं एकेकाला देता यावं, कायदा तसा बदला, म्हणून मी दिल्लीला अर्ज केलाय. पोच आली. आरती पेपरला बसली नाही.

परवा तिच्याबरोबरची पूजा तेच पुस्तक मागायला आली. बिभीषणभाऊंनी मान वर केली नाही.

"बाहेर गेलंय," म्हणाले.

"कुणाकडं?"

त्यांनी सवयीने रजिस्टरसाठी खण उघडला. खण रिकामा होता. तो त्यांनी लावून घेतला.